पंगतीतून कोणी उठायचं नाही

मी बनवलेला पहिला खेळ माझ्याच वर्गातल्या मुलांनी निकालात काढला. मी गणिताचा मास्तर. सापशिडीच्या प्रत्येक शिडीच्या पायथ्याशी मी अपूर्णांकाचं एक गणित ठेवलं होतं. सुटलं तर वर चढा, नाही सुटलं तर तिथंच बसा. सापांना गणित नव्हतं. ते बिचारे नुसते गिळायचे. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की फाशावर शिडीचं घर येतंय असं दिसलं की मुलं हळूच एक घर जास्त मोजतायत आणि सापाच्या तोंडात जाऊन पडतायत. आनंदाने. एका मुलीनं तर हात वर करून विचारलं, "सर, शिडी आली तरी साप घेतला तर चालेल का?"

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण मला उलट किडा चावला. कागदावर इतका ठाकठीक दिसणारा खेळ माणसांसमोर मांडला की आजारी का पडतो? आणि चौकट आखलेली दगडाची फरशी आणि चार चिंचोके एवढ्यावर आमच्या गल्लीतल्या बायका दुपार दुपार कशा काढतात? त्यांनी कुठं नियम लिहून काढले होते? ह्या कुतूहलापायी मी पुठ्ठे कापायला लागलो, ते आजतागायत कापतोय.

खेळ बनवणं सोपं असतं. अवघड असतं ते कुणाला तरी धरून आणून खेळायला बसवणं. त्याबाबतीत मी नशीबवान, कारण मला तीन मित्र आहेत आणि तिघांचाही नाही म्हणण्याचा स्वभाव नाही. (हे नशीब नव्हतं हे पुढं कळेल.) एकाचे इथं सोलापुरात भवानी पेठेतच, आमच्या घरामागं, टॉवेलचे माग आहेत. घरात तेलुगू, मागावर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. दुसऱ्याचं दुचाकीचं गॅरेज. तो आमच्याशी मराठीतच सुरुवात करतो आणि वाक्य संपेपर्यंत दखनीत पोचतो. तिसरा वळसंगचा. तिथं त्याची शेती आणि इथं शहरात बियाण्याचं दुकान. आईशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, बैलाशी काय बोलतो ते बैलालाच ठाऊक. तिघंही मला मास्तर म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मी गणिताचा असूनही कधी काढू शकलेलो नाही.

आता टेबलाविषयी सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यावरच आहे. आमच्या पुढच्या खोलीत एक लांबरुंद टेबल आहे. ते बायकोचं. ती साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. आठवडाभर त्या टेबलावर साड्यांचे ढीग असतात, आणि रविवारी सकाळी ती ते ढीग उचलून कॉटवर ठेवते, म्हणजे आम्हाला खेळ मांडता यावा. ती स्वतः त्या वेळात भाकरी थापते आणि शेंगाची चटणी कुटते. चार वाढलेली माणसं टेबलावर पुठ्ठ्याची गाडी सरकवतायत आणि जिच्या टेबलावर सरकवतायत ती चुलीपाशी, ह्यात काही विचित्र आहे असं मला बराच काळ वाटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी जो खेळ बनवला होता त्यात वैरागच्या बाजारातून माल भरायचा आणि आडवाटांनी सोलापूर गाठायचं. रस्ते मी फार प्रेमानं काढले होते. बाभळीसुद्धा होत्या. पत्त्यांचा एक गठ्ठा होता, त्यात 'पंक्चर', 'म्हशी आडव्या', 'रस्ता बंद' असली विघ्नं. आपल्याला नको असलेलं विघ्न दुसऱ्याच्या गाडीपुढं टाकायचं.

पहिल्या रविवारी टॉवेलवाल्याला सुरुवातीलाच 'रस्ता बंद' आला. तो सुटतो न सुटतो तोवर गठ्ठ्यातून 'म्हशी आडव्या' निघाला, मग परत रस्ता बंद. डाव संपला तेव्हा त्याची गाडी वैरागच्या बाजारातच उभी होती. एक घर पुढं नाही.

"कसा वाटला?" मी विचारलं. मी विचारतो तेव्हा माझा चेहरा कसा होतो ते बायकोनं मला एकदा करून दाखवलंय. ते इथं सांगत नाही.

"एकदम मस्त!" टॉवेलवाला म्हणाला. "मजा आली."

"क्या दिमाग लगाया मास्तर," गॅरेजवाला म्हणाला.

"लई भारी. झाडं बी काढलीस की," वळसंगवाला म्हणाला, आणि दह्याचं भांडं जवळ ओढलं.

मी हवेत. रात्री बायकोला म्हटलं, "ह्या वेळी जमलं बघ. तिघांनाही आवडला."

ती साडीला टाचण्या लावत होती. एक टाचणी ओठात धरूनच म्हणाली, "जो माणूस जागचा हलला नाही त्याला कसली मजा आली?"

"म्हणजे?"

तिनं टाचणी काढली. "मी सांगते कसली. तीनदा चटणी मागितली त्यांनी. तुम्ही खेळ तपासताय का माझी चटणी?"

मी बरंच काही बोललो. ती ऐकत राहिली, टाचण्या लावत राहिली. मग म्हणाली, "खेळ संपल्यावर आजवर कुणी एकदा तरी म्हणालंय का, परत मांड म्हणून?"

मी आठवून पाहिलं. साक्षीदाराला पिंजऱ्यात आठवावं लागतं तसं. कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणायचे ते एवढंच : "चला, निघतो."

"पौष संपला की लग्नं सुरू होतील," ती म्हणाली. "मला रविवारीपण टेबल लागेल. कामं परत पाठवते मी सध्या. तेव्हा असं करू. संक्रांतीपर्यंत कुणी आपणहून, तुम्ही न विचारता, 'परत मांड' म्हणालं, तर रविवारचं टेबल तुमचं, कायमचं. नाही म्हणालं तर टेबल माझं, आणि ते पुठ्ठे भंगारात."

माळ्यावर माझे सगळे खेळ होते. सापशिडीपासूनचे. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेलो आणि विचारलं, "खरं सांग. खेळ कसा होता?"

तो पान्याशी खेळत राहिला. "मास्तर, जिसके घर का खाया, उसके घर में बैठ के नावं ठेवायची? ऐसा कैसा होता?"

म्हणजे चूक माझीच होती. परीक्षकांना मी आधी जेवू घालत होतो आणि मग निकाल विचारत होतो! मास्तर असून! परीक्षेच्या सुपरवायझरला आपण चहाबिस्किटावरच का ठेवतो हे ज्याला कळतं, त्याला हे कळू नये.

उपाय मला लगेच सुचला, आणि माझे लगेच सुचलेले उपाय कसे असतात ते सापशिडीत आलंच आहे. मी म्हटलं, पुढच्या रविवारी तुझ्या घरी खेळू. तुझ्या घरी मी यजमान नाही, म्हणजे तुम्ही मोकळे.

त्याच्या घरी मी पहिला डाव जिंकलो. दुसराही जिंकलो; दुसरा मीच मांडला होता, त्यामुळं तो पैजेत धरता येत नव्हता. माझ्या गाडीला एकही पंक्चर नाही, एकही म्हैस नाही. रस्ते कसे लोण्यासारखे. मी मनात म्हणत होतो, डावपेच म्हणतात ते हेच. बनवणाऱ्याचा हात वेगळा असतो. तेवढ्यात आतून त्याच्या अम्मीनं हाक मारली, तो चहा आणायला उठला, आणि त्याच्या मांडीखालून पत्ते पडले. रस्ता बंद. रस्ता बंद. म्हशी आडव्या.

टॉवेलवाल्यानं आपले पत्ते हळूच सतरंजीखाली सरकवायचा प्रयत्न केला, ते मला दिसलं.

"हे काय रे?"

"तू मेहमान है ना," गॅरेजवाला म्हणाला. "मेहमान का रस्ता अडवायचा? अम्मी जान से मारेगी मेरेकू."

आणि अम्मीनं आतून, कुणी विचारलेलं नसताना, सांगितलं, "हौ, मारूंगी!"

थोडक्यात, माझ्या घरी मी यजमान म्हणून खेळ चांगला, आणि परक्या घरी मी पाहुणा म्हणून खेळाडू चांगला. सोलापुरात खेळ तपासायला जागाच नव्हती. नाक्यावर, बागेत, कुठंही बसलो तरी कुणीतरी भजी आणणार आणि जो आणेल तो यजमान होणार.

संक्रांत जवळ आली. बायकोनं टेबलाविषयी एक शब्द काढला नाही, फक्त एकदा माळ्याकडं बघून, भंगारवाला हल्ली कुठल्या वारी येतो, असं विचारलं.

अशात वळसंगवाल्याचा निरोप आला : हुरडा आलाय, समदी या. मी पुठ्ठे घेतले नाहीत. म्हटलं, आता हुरडा तरी नीट खाऊ.

शेतात आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची आणि गरम दाणे पाहुण्यांपुढं ओतायचे. सोबत चटणी, गूळ, दही. आम्ही पळसाची पानं पुढ्यात घेऊन बसलो. मी गप्प होतो, त्यामुळं मला बघायला वेळ मिळाला. खेळ बनवणाऱ्यानं गप्प बसावं, हा नियम मला तोपर्यंत कुणी सांगितला नव्हता.

वळसंगवाला हुरड्याची ओंजळ घेऊन आला. "घे की."

"बास," टॉवेलवाला म्हणाला. "वद्दु, वद्दु." आणि त्यानं पानावर पंजा धरला.

वळसंगवाल्यानं पंज्यावरच ओतलं. गरम. पंजा उचलला गेला आणि दाणे पानात.

"असा नाही हां!"

"तसाच असतोय हितं."

टॉवेलवाल्यानं तोंड फिरवून गॅरेजवाल्याला विचारलं, "ते झाडावर काय आहे रे? घुबड?" गॅरेजवाल्यानं वर पाहिलं. त्याच्या पानात एक ओंजळ वाढली. मी हे डोळ्यांनी पाहिलं. जो माणूस माझ्या खेळात वैरागच्या बाजारात दगडासारखा उभा राहिला आणि मस्त म्हणाला, तोच माणूस इथं घुबडं उडवत होता!

गॅरेजवाला खाली बघून थबकला. पान पाहिलं, टॉवेलवाल्याचं पान पाहिलं, आणि दह्याचा वाडगा उचलून यजमानाच्याच पानात रिकामा केला. "तुम भी खाव ना भाई. कबसे वाढतायत बिचारे."

"ब्याड, ब्याड!" वळसंगवाला ओरडला. "न्हाय म्हनलं ना! डाक्टरनं दही बंद केलंय!"

"कौनसा डॉक्टर? नाम बता!"

यजमानाला वाढलेलं चालतं का? डॉक्टरचं नाव सांगता आलं नाही तर दही खावं लागतं का? 'आत्ताच जेवून आलो' हे दोनदा चालतं का? प्रत्येक गोष्टीला नियम होता. कुणी कधी लिहिला नव्हता, आणि तिघांना सारखाच पाठ होता. ही तिघं कुणाचा रस्ता अडवणार नाहीत, पण एकमेकांना पोट फुटेपर्यंत खाऊ घालून चीत करतील. आणि त्यात पाहुणा यजमान कुणाचाच मुलाहिजा नाही. उलट जेवढा मोठा पाहुणा तेवढा जास्त मार. मी तोंडात गुळाचा खडा धरून नुसता बघत राहिलो. एवढ्यात तिघांनी मिळून माझं पान भरलं.

घरी आल्यावर मी नवा खेळ केला. रस्ते नाहीत, बाभळी नाहीत. प्रत्येकापुढं पुठ्ठ्याचं एक पान. हातात पत्ते : भाकरी, चटणी, दही, गूळ, हुरडा. आपल्या हातातलं सगळं दुसऱ्यांच्या पानात वाढून मोकळं व्हायचं. वाढताना 'घे की' म्हणायलाच हवं, न म्हणता वाढलं तर परत आपल्याकडं. नको असेल तर कारणाचा पत्ता टाकायचा : उपवास, डॉक्टर, आत्ताच जेवलो. आणि ज्याचं पान भरून वाहिलं तो बाद.

संक्रांतीआधीचा शेवटचा रविवार. बायकोनं साड्या कॉटवर ठेवल्या. मी म्हटलं, "आज काही करू नकोस. भाकरी नको, चटणी नको." तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिघं आले. गॅरेजवाल्यानं हवेत नाक फिरवलं. "आज चटणी नै?"

"नाही. चहापण नाही."

"मग आमी आलोय कशाला?" वळसंगवाला म्हणाला. बसला मात्र.

टेबलावर पानं मांडली. पहिल्या दोन फेऱ्यांत ते माझ्या तोंडाकडं बघून जपून 'घे की' म्हणत होते. मग टॉवेलवाल्यानं वळसंगवाल्याच्या पानात दही वाढलं. वळसंगवाल्यानं 'डॉक्टर' टाकला. गॅरेजवाला म्हणाला, "नाम बता!" आणि खेळ सुटला. वळसंगवाल्याला टेबलापलीकडं वाढायला हात पुरेना. तो उठून उभा राहिला, खुर्ची पडली. "मास्तर, पंगत कुटं खुर्चीवर बसती का रं?" त्यानं पुठ्ठ्याची पानं उचलली, कॉटच्या उशाची घडी घातलेली चादर ओढून जमिनीवर अंथरली आणि मांडी घातली. आम्ही खाली उतरलो. बायकोनं रिकाम्या टेबलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एक साडी घेऊन मशीनवर बसली.

थोड्या वेळात टॉवेलवाल्याचं पान वाहिलं.

"तू बाद," मी म्हटलं. "ऊठ."

कुणी हललं नाही. मशीन थांबलं.

"ऊठ म्हणजे?" वळसंगवाला म्हणाला.

"बाद झाला ना तो. नियम आहे."

"पंगतीतनं माणूस उठवतोस?" त्याचा आवाज चढला. "भरल्या पानावरनं? कुटल्या गावची रीत ही?"

"क्या मास्तर, कुछ भी!" गॅरेजवाला म्हणाला. "सबका होए तक कोई उठता क्या? एकदम वाईट नियम है ये. एकदम फालतू!"

टॉवेलवाला तर तेलुगूतच काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही हे बरंच झालं.

फालतू! इतक्या वर्षांत माझ्या खेळाला कुणी तोंडावर फालतू म्हटलं नव्हतं. मी हात जोडून म्हटलं, "मग काय करायचं त्याचं?"

"सोपं आहे," टॉवेलवाला म्हणाला. "ज्याचं पोट भरलं त्यानं काय करायचं? वाढपी व्हायचं. मला द्या ते पत्ते."

त्यानं उरलेला गठ्ठा हातात घेतला आणि कमरेत वाकून पंगतीतून फिरायला लागला. त्याला आता खायचं नव्हतं, त्यामुळं भीती नव्हती. पाच मिनिटांत त्यानं आम्हा तिघांची पानं अशी भरली की गॅरेजवाला पान उचलून पाठीमागं लपवायला लागला, त्यावरून नवा वाद, त्यावर नवा नियम. डाव कोण जिंकलं ते मला आज आठवत नाही. तेव्हाही बहुधा कुणाला कळलं नव्हतं, कारण वळसंगवाला पत्ते गोळा करत गॅरेजवाल्याला म्हणत होता, "थांब, आता तुला दावतो. मास्तर, परत मांड."

मी काही विचारलं नव्हतं. मी फक्त मशीनकडं पाहिलं.

बायकोनं दोरा तोडला. "ऐकलं मी," ती म्हणाली. "हरले. रविवारचं टेबल तुमचं."

"टेबल कशापायी, वहिनी?" वळसंगवाला पानं मांडता मांडता म्हणाला. "आमी हितंच बसनार की."

टेबलावर तिच्या साड्या होत्या; डाव चालू असताना तिनं एकेक करून परत आणून ठेवलेल्या. तिच्या ते लक्षात आलं, माझ्याही आलं. जिंकलेलं टेबल ठेवायला मला जागा नव्हती.

"मग राहू दे तुलाच," मी दिलदारपणे म्हटलं.

"माझंच मला देतायत," ती तिघांना म्हणाली. पण ती मशीनवर परत वळली नाही. खाली पानांकडं बघत राहिली. "मला एक सांगा. एकदा 'उपवास आहे' म्हणून भाकरी नाकारली, आणि पुढच्याच हाताला त्यानं गुपचूप भाकरी घेतली तर?"

आम्ही चौघं एकमेकांकडं बघायला लागलो. ह्याचा विचार कुणी केला नव्हता.

"असं कोण करेल?" मी म्हटलं.

"तुम्ही. मगाशी दोनदा केलंत."

"सरक रे," टॉवेलवाला गॅरेजवाल्याला म्हणाला, आणि चादरीवर जागा झाली. तिनं पदर खोचला, मांडी घातली, पुठ्ठ्याचं एक कोरं पान पुढं ओढलं. पत्ते वाटले गेले. तिनं आपल्या हातातले पत्ते नीट लावले, वर पाहिलं, आणि भाकरी माझ्या पानात ठेवली.

"घ्या की."

मी 'उपवास' काढला. तिघांनी 'नाही' अशी मान हलवली; माझा उपवास मगाशीच मोडला होता. मी तो परत ठेवला आणि 'डॉक्टर' काढला.

"नाव सांगा," ती म्हणाली.